गोळी की ध्यान? आम्हीच पुढे पाठवलेल्या एका मेसेजची चिकित्सा



आधी चूक कबूल करतो, मग मुद्द्याकडे येतो.

मागच्या वर्षी नवापूरच्या आमच्या तरुणांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. वर तथागतांचे ध्यानस्थ चित्र होते. खाली लिहिले होते की अमेरिकेतल्या मोठ्या संशोधनात बुद्धांचे ध्यान चिंतेवरच्या गोळीइतकेच गुणकारी ठरले. आम्ही तो वाचला, छाती फुगली, आणि आणखी चार ग्रुपवर टाकून दिला. संशोधन कोणी केले, कोणावर केले, त्यात नेमके काय म्हटले आहे, यातले काहीही पाहिले नाही. एम.ए.ला दोन वर्षे संशोधन पद्धतीचा पेपर शिकलेल्या माणसांनी हे करावे, याची लाज आजही वाटते.

ग्रुपमध्ये चोवीस वर्षांचा एक मुलगा होता. पोलीस भरतीची तयारी करत होता. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, घरात दोन बहिणी. मैदानी चाचणीच्या आधी त्याच्या छातीत धडधड सुरू झाली, हातापायाला मुंग्या येऊ लागल्या. त्याला वाटले हार्ट अटॅक आला. ईसीजी काढला, नॉर्मल. रक्त तपासले, नॉर्मल. मग रात्री-अपरात्री तेच होऊ लागले. बस भरली की उतरून जायचा. पुष्कळ फिरून झाल्यावर मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचला, त्यांनी चिंताविकार सांगितला, गोळी सुरू केली. तीन महिन्यांत तो पुन्हा मैदानावर पळू लागला होता. आणि तेव्हाच आमचा मेसेज पोहोचला.

त्याने गोळ्या एका दिवसात बंद केल्या. सकाळी अर्धा तास डोळे मिटून बसू लागला. आठवडाभरात चक्कर, चिडचिड, झोप नाही. तिसऱ्या आठवड्यात जुना झटका परत आला, पहिल्यापेक्षा मोठा. आई त्याला घेऊन आमच्याकडे आली तेव्हा तो एवढेच म्हणाला, "दादा, तुम्हीच टाकलं होतं ना ते?"

त्यानंतर आम्ही ते संशोधन शोधून वाचले. जे हाती आले ते इथे मांडत आहोत, कारण तो मेसेज अजून फिरतो आहे. दर बुद्धपौर्णिमेला फिरतो. संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरवल्यापासून वर्षातून आणखी एकदा फिरतो.

मूळ संशोधन काय आहे?

संशोधन खरे आहे. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एलिझाबेथ होज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'जामा सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. बोस्टन, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथील रुग्णालयांत चिंताविकाराचे निदान झालेले २७६ जण त्यांनी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला एस्सिटालोप्राम हे औषध दिले, जे आपल्याकडेही डॉक्टर सर्रास लिहितात. दुसऱ्या गटाला आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासवर्ग दिला. कोण कोणत्या गटात आहे हे मोजणाऱ्यांना सांगितले नव्हते.

आजाराची तीव्रता एक ते सात अशा मापावर मोजली. सुरुवातीला दोन्ही गट साधारण साडेचारवर होते. आठ आठवड्यांनी औषधाच्या गटात सरासरी १.४३ ने उतार पडला, सजगतेच्या गटात १.३५ ने. हा फरक इतका किरकोळ की संशोधकांनी निष्कर्ष काढला: सजगतेचा वर्ग औषधापेक्षा कमी पडला नाही. औषध घेणाऱ्यांपैकी ७८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, सजगतेच्या गटात १५.४ टक्के लोकांना.

इथपर्यंत मेसेज बरोबर होता. पण मेसेज इथेच थांबला होता.

तो 'वर्ग' म्हणजे काय होते ते पाहा. आठवड्यातून एकदा अडीच तास, प्रशिक्षित शिक्षकासमोर, गटात. मध्ये एक पूर्ण दिवसाचे शिबिर. शिवाय घरी रोज पंचेचाळीस मिनिटे. यातले काहीही आमच्या मुलाकडे नव्हते. त्याच्याकडे एक चित्र होते आणि आमच्यावरचा विश्वास होता. दुसरे, २७६ पैकी २०८ जणांनीच आठ आठवडे पूर्ण केले, म्हणजे चारातला एक गळाला. पूर्ण करणाऱ्यांत तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या, सरासरी वय तेहतीस, सारे महानगरांच्या आसपासचे. तिसरे, चोवीस आठवड्यांनी पुन्हा विचारले तेव्हा औषध घेणारे निम्म्याहून थोडे अधिक टिकून होते, नियमित ध्यान करणारे मात्र २८ टक्केच. गोळी गिळायला मिनिट लागते, ध्यानाला पाऊण तास. हे कोणाला सांगायला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. चालू असलेली गोळी बंद करून ध्यान सुरू करावे का, हा प्रश्न त्या संशोधनाने विचारलाच नव्हता. तिथे दोन वेगवेगळ्या लोकांना दोन वेगवेगळे उपचार नव्याने सुरू केले होते. ज्याचे औषध लागू पडले आहे त्याने ते सोडावे, असे त्यात कुठेही नाही. या गटातली औषधे अचानक सोडली की चक्कर, चिडचिड, झोपमोड होते, हे डॉक्टरांना चांगले माहीत असते. ती सोडायची असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत सोडतात.

दवाखान्यात बुद्ध कसे पोहोचले?

हा प्रवास आपल्या तरुणांना माहीत असायला हवा. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन या अमेरिकी संशोधकाने मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात असाध्य दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते अशी ही माणसे. कबात-झिन स्वतः झेन आणि विपश्यना दोन्ही शिकलेले. पण वर्गात त्यांनी बुद्ध, धम्म, संघ यातला एकही शब्द ठेवला नाही. श्वासाकडे लक्ष, शरीराच्या एकेका अवयवावरून लक्ष फिरवणे, सावकाश हालचाली, एवढेच. १९९२ मध्ये त्यांनी चिंताविकाराच्या बावीस रुग्णांवरचा अभ्यास छापला, त्यातल्या वीस जणांची चिंता कमी झाली होती. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे तो पुरावा कच्चाच होता, पण दार उघडले गेले.

पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी सजगतेला विचारांवर काम करणाऱ्या उपचाराची जोड दिली आणि नैराश्य पुन्हा पुन्हा येऊ नये यासाठी पद्धत बसवली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शिकेत तिला २००४ पासून जागा आहे. भारतातही हे काम झाले. बंगळुरूच्या निम्हान्समधील महेंद्र शर्मा, अँजेलिना माओ आणि पौलोमी सुधीर यांनी २०१२ मध्ये चिंताविकाराच्या चार रुग्णांवर अशाच उपचाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. चौघांची चिंता उतरली. चार म्हणजे चारच, पण अशा कामाची सुरुवात अशीच होते. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या माधव गोयल यांच्या गटाने जगभरातले ४७ प्रयोग, त्यातले साडेतीन हजार लोक, एकत्र तपासले. चिंतेवर सजगतेचा परिणाम आहे, मध्यम आहे, असे त्यांनी सांगितले. चमत्कार आहे असे कोणत्याही जबाबदार संशोधकाने म्हटलेले नाही. ते काम मेसेजवाले करतात.

आता त्याच्या आतले कसे चालते ते थोडे सविस्तर, कारण आम्हाला स्वतःला हे कळल्यावरच विहारात रोज म्हटल्या जाणाऱ्या शब्दांचा अर्थ लागला.

चिंतेचा झटका असा येतो. आधी छातीत एक ठोका चुकतो. तो सगळ्यांचाच चुकतो, जिना चढला तरी चुकतो. पण ज्याला झटका येऊन गेला आहे त्याचे मन लगेच म्हणते, आला. या विचाराने धडधड वाढते. वाढलेली धडधड पाहून मन म्हणते, पाहा, खरेच आला. भीती शरीराला आणि शरीर भीतीला ढकलत राहते. मग माणूस बस टाळतो, मैदान टाळतो, लग्न टाळतो. टाळल्याने त्या दिवसापुरते बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी जग आणखी एका खोलीएवढे लहान होते.

सजगतेचा उपचार ही साखळी एका कडीवर तोडायला शिकवतो. धडधड आली, ती धडधड म्हणून पाहायची. 'मी मरणार' हा विचार आला, तो विचार म्हणून पाहायचा, बातमी म्हणून नाही. पळायचे नाही, भांडायचेही नाही. आठ आठवडे हेच, कंटाळा येईपर्यंत. मन शांत करणे हा त्याचा उद्देश नसतो, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. आमच्याकडचे तरुण पहिल्या दिवशी तक्रार करतात की डोळे मिटले तर उलट जास्त विचार येतात. येणारच. ते आधीही होते, फक्त आता दिसू लागले.

सतिपट्ठान सुत्तात पाहण्याच्या चार जागा सांगितल्या आहेत: काया, वेदना, चित्त आणि धम्म. छातीतली धडधड ही काया. ती नकोशी वाटते ही वेदना. घाबरलेले मन हे चित्त. एकातून दुसरे कसे निपजते हे दिसणे, हा चौथा भाग. आपण वंदनेला बसतो, अष्टांगिक मार्ग म्हणतो, सम्यक स्मृतीपाशी येतो आणि पुढे जातो. मराठीत स्मृती म्हणजे आठवण, त्यामुळे अनेकांना वाटते की चांगल्या गोष्टी आठवणीत ठेवा असे काहीतरी असेल. पालीतली 'सति' म्हणजे समोर चालले आहे त्याचे भान. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. त्या आठातले हे एक अंग आपण सत्तर वर्षांत किती घरांत खरोखर शिकवले?

हे पळपुटेपण आहे का?

आमच्या कार्यकर्त्यांपैकी अर्धे जण या प्रश्नावर उसळतात. त्यांचे म्हणणे असे: पेपर फुटतो, भरती रखडते, हॉस्टेलमध्ये आडनाव विचारून वागणूक ठरते, आणि तुम्ही पोरांना सांगता श्वासाकडे पाहा? उद्या मालकही म्हणेल की पगार मागू नका, ध्यान करा.

हा आक्षेप पोकळ नाही. पाश्चात्त्य देशांत रोनाल्ड पर्सर या प्राध्यापकाने नेमकी हीच टीका केली आहे. कंपन्या कामाचा बोजा तसाच ठेवतात आणि कर्मचाऱ्यांना सजगतेचे वर्ग देतात, म्हणजे ताणाची जबाबदारी ज्याला ताण आला त्याच्यावरच. सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यातले नाते दाखवले होते. एका मुलाला धडधड होते ही त्याची अडचण. पण एका पिढीला, ठरावीक वस्त्यांत, ठरावीक परीक्षांच्या हंगामात धडधड होत असेल तर तो प्रश्न समाजाचा असतो.

जात आणि मन यांचा संबंध आता आकड्यांतही दिसतो. आशीष गुप्ता आणि डायेन कॉफी यांनी २०२० मध्ये एका मोठ्या सर्वेक्षणाची आकडेवारी तपासली. त्या सहा राज्यांत महाराष्ट्रही होता. दलित आणि मुस्लिमांनी सांगितलेले मानसिक आरोग्य सवर्ण हिंदूंपेक्षा वाईट निघाले, आणि शिक्षण व मालमत्ता यातला फरक हिशेबात घेतल्यावरही ती दरी बुजली नाही. म्हणजे पैसा आला, पदवी आली, तरी काहीतरी उरतेच. ते काय उरते हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले ते त्याच उरलेल्या गोष्टीसाठी. पायल आपल्या खानदेशातली, भिल्ल समाजातली.

तरीही आमचे मत आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा वेगळे आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी जे प्रश्न उभे केले त्यातला एक भिक्खूविषयी आहे: तो स्वतःच्या पूर्णत्वासाठी झटणारा माणूस आहे की समाजाचा सेवक? या प्रश्नाचा रोख कुठे आहे हे आपण सगळे जाणतो. पण सेवकाचे मनही मनच असते. मोर्चाला येणारी, निवेदने लिहिणारी, रात्री दोन वाजता अत्याचाराच्या प्रकरणात पोलीस ठाण्यात बसणारी आमची किती माणसे झोपेच्या गोळ्यांवर आहेत, किती दारूवर आहेत, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्यांना पळपुटे कोण म्हणेल? ज्याला बसमध्ये चढता येत नाही त्याला मोर्चाला कसे आणणार? आधी त्याला बसमध्ये चढता आले पाहिजे. पेपर कोणी फोडला हे विचारायला तो नंतर येईलच, उलट जास्त ठामपणे येईल.

मात्र एक गोष्ट स्पष्ट हवी. सजगता अन्यायावरचा उपचार नाही. आडनाव ऐकून ज्याचा चेहरा बदलतो त्या माणसावर उपचार व्हायला हवा, ज्याचे आडनाव विचारले त्याच्यावर नाही.

नवापूरच्या बाकावरून

आमच्या रेल्वे स्टेशनची गोष्ट बाहेरच्यांना गंमत वाटते. स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये. एक बाक असा की त्याचे एक टोक एका राज्यात, दुसरे दुसऱ्या. लोक त्यावर बसून फोटो काढतात. २०१५-१६ मध्ये निम्हान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले तेव्हा बारा राज्ये निवडली. गुजरात त्यात होते, महाराष्ट्र नव्हते. म्हणजे बाकाचे एक टोक देशाच्या हिशेबात आले आणि दुसरे राहून गेले. त्या सर्वेक्षणाने सांगितले की नैराश्य, चिंता यांसारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांना उपचारच मिळत नाहीत. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरा पडत नाही. यात नवापूर कुठे असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

चिंतेची कारणे इथे पुस्तकातली नाहीत. तालुक्यातले मावची, कोकणी, भिल्ल कुटुंबातले लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात, मुले मागे आजीजवळ. सिकलसेलचे घर म्हणजे प्रत्येक तापाला काळजात चर्र. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू इथे सापडला, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. पोल्ट्रीवर काम करणाऱ्यांचे हात रिकामे झाले, आणि २०२१ मध्ये तेच पुन्हा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये रंगावलीला पूर आला. तेव्हापासून रात्री जोराचा पाऊस सुरू झाला की नदीकाठच्या काही घरांत कोणी झोपत नाही. याला कोणी आजार म्हणत नाही. 'जीव घाबरतो' म्हणतात, भगताकडे जातात, सलाईन लावून घेतात. भगताला आम्ही हसत नाही. तो निदान अर्धा तास माणसाचे ऐकून घेतो.

आमचा बौद्ध समाज इथे थोडा. बहुतेक नोकरीनिमित्त आलेली, टिकलेली घरे. त्यामुळे आमच्या चर्चा विहारापुरत्या राहिल्या तर त्या तालुक्याच्या उपयोगाच्या नाहीत. सजगता मावचीत कशी सांगायची हे मावची बोलणाऱ्या आशाताई ठरवतील, आम्ही नाही. त्यासाठी तिला बुद्धवंदना म्हणायला लावण्याचीही गरज नाही.

हे स्वप्नरंजन नाही, उदाहरणे आपल्याच आजूबाजूची आहेत. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले समुपदेशक बसवले. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना, विशेषतः सरकारी केंद्रांत, त्याचा फायदा झाल्याचे २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी काम केले आणि नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत 'आत्मीयता' उपक्रमाने गावातलीच माणसे मदतीसाठी तयार केली. यातले एकही काम ध्यानावर उभे नाही. पण गावातली साधी माणसे मनाचे काम करू शकतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

विहारात काय करता येईल आणि काय करू नये

सगळ्यांना सरसकट बसवू नये, हे पहिले. आपल्या राज्यात शाळांमधून आनापान शिकवण्याचा 'मित्र' उपक्रम आहे, हेतू चांगला आहे. पण ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर सजगतेचा मोठा प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये निकाल आला: नेहमीच्या शिकवणीपेक्षा काही फायदा नाही, आधीच त्रासात असलेल्या काही मुलांना उलट थोडे जड गेले. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. प्रयोग करणारे स्वतः सजगतेचे पुरस्कर्ते, तरी त्यांनी निकाल लपवला नाही. आपल्या चळवळीने त्यांच्याकडून एवढे तरी घ्यावे.

दुसरे म्हणजे ध्यानाने सगळ्यांचे भलेच होते, हा समज. विलोबी ब्रिटन या ब्राउन विद्यापीठातील क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ. २०१७ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी साठ साधकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास छापला. दीर्घ ध्यानात भीती, झोप उडणे, जुन्या आघातांच्या आठवणी उसळणे असे त्रास लोकांनी सांगितले. इगतपुरीच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिराच्या नियमावलीतही गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हे शिबिर करू नये असे सुचवलेले आहे, अर्जात आजार विचारलेला असतो. आपले काही उत्साही कार्यकर्ते मात्र ज्याला काही झाले त्याला 'दहा दिवस जाऊन ये, सुटशील' म्हणून पाठवतात, अर्जात आजार लिहू नको असाही सल्ला देतात. हे थांबले पाहिजे. सत्यनारायण गोयंकांची गोष्ट या निमित्ताने आठवते. ते अर्धशिशीच्या त्रासाने सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखी घालवायला येत असाल तर नको, असे गुरूंनी आधी सांगितले होते.

आम्ही आता रविवारी विहारात एवढेच करतो. वीस मिनिटे बसतो, डोळे उघडे ठेवायची मुभा असते. नंतर बोलतो, ज्याला बोलायचे तो. कोणी गोळ्यांवर असेल तर त्या चालूच ठेवायच्या, हे दर वेळी सांगतो. झोप गेली, जेवण गेले, जगणे नको वाटते असे कोणी म्हणाले तर त्याला एकटे घरी पाठवत नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिथे आमच्यासमोरच फोन लावतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत दवाखान्यात जातो. नंदुरबारला किंवा धुळ्याला जायचे म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून सोबत लागते.

आणि मागणी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. वंचित समाजातल्या विद्यार्थ्यांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना हवे. कोचिंग क्लासही यात येतात. या न्यायालयासमोर आकडा होता तो एकट्या २०२२ या वर्षातला: देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या. त्या वर्षी या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. आता प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या आश्रमशाळा, वसतिगृहे, महाविद्यालये आणि क्लास यांची यादी करावी. समोर एकच रकाना ठेवावा: समुपदेशक आहे की नाही, असल्यास नाव आणि शिक्षण. माहिती अधिकारात अर्ज टाकायला दहा रुपये लागतात. नवापूरची यादी आम्ही सुरू केली आहे. 'आमच्याकडे योगदिन होतो' हे उत्तर या रकान्यात धरत नाही.

तो मुलगा आता बरा आहे. गोळी पुन्हा सुरू केली, मात्रा डॉक्टर ठरवतात. रविवारी येतो, दाराजवळच्या सतरंजीवर बसतो, कारण तिथून उठून बाहेर जाता येते. मागच्या महिन्यात तो नंदुरबारला तपासणीला एकटा गेला, भरलेल्या एस.टी.ने. आम्ही सोबत येतो म्हटले तर नको म्हणाला. उतरल्यावर फोन केला. धडधड झाली का विचारले, तर म्हणाला, "झाली ना. विसरवाडीपर्यंत होती. मग खिडकीतली सीट मिळाली."

ज्या चार ग्रुपवर आम्ही तो मेसेज टाकला होता, त्या चारही ग्रुपवर हा लेख टाकत आहोत.